झोपेबाईंची सातवी

"मालती, मान वर कर. फोटोत गोगलगायीसारखी दिसतेस."

नाशिकच्या बाजारात भरिताची वांगी दाबून बघत होते, तेव्हा हा मेसेज आला. वाचून मी खरोखरच मान वर केली. आजूबाजूलाही पाहिलं. कारण मला मालती म्हणणारं माणूस नाशकात एकही नव्हतं. सावद्याची मालती धांडे लग्नाच्या दिवशी मानसी नेहेते झाली. माझ्या सुनेला तर मालती हे नाव ऐकूनही माहीत नव्हतं.

मग मेसेजवरचं नाव वाचलं. सुहासिनी झोपे, सावदा. आणि भर बाजारात हातातलं वांगं खाली ठेवून मी पदर सारखा केला.

झोपेबाई म्हणजे आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाई. आडनाव झोपे, पण सकाळी कोणाला झोपू म्हणून द्यायच्या नाहीत. उजाडायच्या आत मैदानावर कबड्डीचा सराव. आम्ही सातजणी त्यांच्या संघातल्या. ही सगळी हकिगत घडली तेव्हा आम्ही पंचावन्नच्या आसपास होतो आणि बाईंना ऐंशीवं लागत होतं. आता त्यालाही काही वर्षं झाली.

मी घाईघाईने कुमुदला फोन लावला. कुमुद भंगाळे तेव्हा जळगावला राहायची. आमच्यात तीच एक अशी, जिचं पहिलं नाव लग्नातही बदललं नव्हतं.

"कुमे, झोपेबाई इन्स्टाग्रामवर आल्यात!"

"मला आठ दिवसांपूर्वीच सापडल्या त्या. म्हणजे मी त्यांना सापडले. माझ्या फोटोखाली लिहिलंय, वजन वाढलंय, पळायला सुरुवात कर. दोनशे लोकांनी वाचलं वं ते. माझ्या व्याह्यांनी तर त्यावर बदाम टाकला."

"आणि माझा पत्ता?"

"मीच दिला. एकटीनेच का म्हणून ऐकून घ्यायचं?"

संध्याकाळी बाईंचा फोन आला. कशी आहेस, मुलं काय करतात, असलं काही नाही. "मला ऐंशीवं लागतंय. सातही पोरी मैदानावर पाहिजेत. घरी येऊन केक कापलेला मला चालणार नाही. मैदानावर, सकाळी. पाच सापडल्या. कुमुदने तुला आणलं, तू सहावी. तुम्ही दोघींनी आता सिंधूला आणा. इन्स्टाग्रामवर सगळे असतात."

"बाई, पण ती असेल का तिथे?"

"मी आहे, मग ती का नसेल?"

सिंधू फालक आमची कॅप्टन. अंगाने काटकुळी, पण चढाईला निघाली की समोरच्या मुली एक पाऊल मागे सरकायच्या. डावा पाय पुढे, उजवा हात हवेत, आणि तोंडाने कबड्डी कबड्डी असं की वाटावं हिला श्वास घ्यावाच लागत नसेल. मॅट्रिकची परीक्षा झाली आणि लगेच तिचं लग्न झालं. सुरतेला कापडाच्या व्यवसायातलं स्थळ होतं. त्यानंतर ती आम्हाला दिसली नाही. आधी वाटलं, नव्या संसारात रमली असेल. मग आम्हीही आपापल्या संसारात रमलो. पुढे तिचे आईवडील गेले, घर विकलं, आणि सावद्याशी तिचा धागाच राहिला नाही.

आता तिला शोधायचं तर नाव हवं. सिंधू फालक नावाने इन्स्टाग्रामवर एक कॉलेजातली पोरगी निघाली आणि एक मांजर.

"तिचं नाव बदललं होतं," मी कुमुदला म्हणाले. "ताटात तांदूळ पसरून नवरदेवाने अंगठीने नाव लिहिलं होतं. मी बघितलंय. श वरून होतं काहीतरी. शुभदा."

"शर्मिला होतं वं."

"शुभदा. मी ताटाजवळ उभी होते."

"तू मठ्ठ्याच्या पातेल्याजवळ उभी होतीस. मी होते ताटाजवळ. शर्मिला."

सुरतेत शर्मिला किती आणि शुभदा किती, ते तेव्हा कळलं. कुमुदने आपला हेका चालवून एका शर्मिलाला लिहिलं, "सिंधू, तूच ना ग? केव्हा भेटतेस?" तिकडून लगोलग उत्तर आलं, "मॅडम, शनिवारी अकराची वेळ देऊ का? फेशियल की केस?" ते पार्लर होतं. कुमुद इतकी ओशाळली की तिने शनिवारची वेळ घेऊनच टाकली आणि मग शुक्रवारी ताप आल्याचं खोटं कळवलं.

माझ्या शुभदा तर त्याहून भारी. एकीने मला तिच्या योगाच्या वर्गात दाखल केलं. दुसरीने विचारलं, तुम्ही आमच्या यांना कशा ओळखता? तिला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

आणि तोंडं बघून ओळखावं म्हणाल, तर आमच्या वयाच्या बाया तिथे स्वतःचं तोंड लावतात कुठे? एकीच्या जागी गुलाब, एकीच्या जागी गणपती, एकीच्या जागी रांगोळी. माझ्या जागी माझा दुधाचे दात पडलेला, बोळक्या तोंडाचा नातू होता.

बाई रोज विचारायच्या, "सापडली?" नाही म्हटलं की म्हणायच्या, "बरं. उद्या." त्या 'बरं' मध्ये एवढी जरब असायची की ताट बाजूला सारून मी पुन्हा फोन हातात घ्यायचे.

मग एका दुपारी मी बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ मळत असताना कुमुदचा फोन आला. बोलण्याऐवजी ती किंचाळलीच.

"मालू, फोन उघड! मी पाठवलंय ते बघ. पंगत बघ!"

फैजपूरच्या कुठल्याशा लग्नाची रील होती. पंगत बसलेली, वर गाणं लावलेलं, आणि एक बाई केळीच्या पानांवर भरीत वाढत चाललेली. पाठमोरी. मोरपंखी नऊवारी, अंबाडा पांढरा. एक पान झालं की डावा पाय पुढे टाकून ती झपकन वळायची, उजव्या हाताने पळीभर भरीत टाकायची आणि समोरचा नको म्हणायच्या आत मागे सरकायची. एकाने पानावर हात आडवा धरला, तर ती कमरेतून झुकली आणि त्याच्या हाताखालून वाढून मोकळी.

मी पिठाच्या हातानेच ती रील चार वेळा बघितली.

"कुमे," मी म्हटलं, "ही चढाई करून राहिली."

"तेच तर! तोंड कशाला पाहिजे?"

रील टाकणाऱ्या मुलीने खाली लिहिलं होतं, आमच्या शर्वरीमावशींचं भरीत, एकदम झक्कास. शर्वरीमावशींवर बोट ठेवलं की त्यांचं खातं उघडत होतं. शर्वरी महाजन, सुरत. फोटोच्या जागी जास्वंद. बाकी सगळं कुलूपबंद. तिने होकार दिल्याशिवाय आत काही दिसणार नव्हतं.

शर्वरी! शर्मिलाही नाही आणि शुभदाही नाही. आम्ही दोघींनी एकमेकींना मोठ्या मनाने माफ केलं आणि एकाच वेळी रिक्वेस्ट पाठवल्या.

दोन्ही नाकारल्या गेल्या.

पुन्हा पाठवल्या. पुन्हा नाकारल्या. मग मी मेसेज लिहिला. "सिंधू, मी मालती! किती शोधलं तुला! कशी आहेस?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "मालती धांडे माझ्या शाळेत होती. तुम्ही मानसी नेहेते दिसता. आणि फोटोत तर दात नसलेलं पोर आहे."

आता मला तिचं म्हणणं कळलं. आम्ही तिला शोधत होतो, पण तिच्या दृष्टीने मीही कोणी परकीच बाई होते. मी खुलासा केला, नातवाबद्दल सांगितलं. तिने लिहिलं, "माझ्या मुलाने सांगून ठेवलंय, जुनी मैत्रीण आहे म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. खरी असशील तर सांग. जळगावला फायनलला माझा गुडघा फुटला. तेव्हा मालतीने काय केलं?"

हे तर सोपं होतं. मी अभिमानाने लिहिलं, "माझी लाल रिबीन सोडून तुझा गुडघा बांधला."

"चूक. रिबीन कुमुदची होती. मालती गुडघ्याकडे बघून भोवळ येऊन पडली होती."

मी चिडून कुमुदला विचारलं. ती म्हणाली, "हो, पडली होतीस. आम्ही कधी बोलून दाखवलं नाही एवढंच."

मग कुमुदने सूत्रं हातात घेतली. आपण खऱ्या आहोत हे सिद्ध करायला तिने मोठ्या जोशात लिहिलं, "सिंधू, ते सगळं सोड. अमळनेरच्या पोरींना हरवून आपण जिल्ह्याचा कप आणला, ते तरी विसरली नाहीस ना? तुझ्या शेवटच्या चढाईवर जिंकलो आपण! मी अजून नातवंडांना सांगते."

तिकडे बराच वेळ 'लिहीत आहे' असं दिसत राहिलं. मग थांबलं. पुन्हा दिसायला लागलं. शेवटी मेसेज आला.

"तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. माझ्या मैत्रिणी असत्या तर त्यांना माहीत असतं, की आपण हरलो होतो. त्याच चढाईवर."

आणि तिने आम्हाला ब्लॉक केलं. दोघींनाही.

मी लगेच कुमुदला फोन लावला.

"हरलो होतो?" कुमुद म्हणाली.

"छे! कप होता ना. शाळेत हार घातले होते. बसमध्ये पेढे वाटले होते बाईंनी. गाणी म्हणत आलो आपण."

"मग ती असं का बोलून राहिली?"

विचारायला एकच जागा होती. बाईंनी फोन उचलला. मी भीत भीत ब्लॉकचं सांगितलं आणि विचारलं, "बाई, ती जळगावची फायनल आपण जिंकलो होतो ना?"

"हरलो होतो," बाई म्हणाल्या. "अर्थात हरलो होतो. एका गुणाने. कप उपविजेत्यांचा होता. त्यातलं 'उप' तुम्ही पोरींनी वाटेत कुठेतरी सांडलंत."

"मग पेढे?"

बाई सांगू लागल्या.

"शेवटची चढाई होती. तुम्ही सगळ्या बाद होऊन बाहेर बसला होतात. सिंधू एकटी उरली होती, गुडघा फुटलेला. अमळनेरच्या चौघीजणी तिच्या अंगावर पडल्या आणि ती त्या चौघींना ओढत मध्यरेषेपर्यंत आली. दम तुटला नव्हता तिचा. हात लांबवला. बोट पोचलं नाही. शिट्टी झाली. मालती, मी आयुष्यभर कबड्डी बघितली, तशी चढाई पुन्हा बघितली नाही. त्यावर पेढे द्यायचे नाहीत तर कशावर द्यायचे? तुम्ही सगळ्यांनी दोन-दोन खाल्ले. तिने घेतला नाही. खिडकीबाहेर बघत बसली सावद्यापर्यंत."

मला आठवत होते ते पेढे आणि ती गाणी. खिडकीतली सिंधू मात्र मला आठवत नव्हती.

"तिने तुम्हा दोघींना बंद केलंय ना?" बाईंनी विचारलं. "मला नाही केलेलं. फोन ठेव."

बाईंनी काय केलं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण सिंधूला पाठवलेला व्हिडिओ त्यांनी आम्हालाही पाठवला होता. घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बाई बसलेल्या. कडक इस्त्रीचं पांढरं पातळ. फोन कुठेतरी टेकवून ठेवलेला, त्यामुळे अर्धा वेळ नुसतं आभाळ दिसत होतं.

"सिंधू फालक, मी झोपेबाई. तुझं नवं नाव पाठ करायला मला सांगू नकोस, या वयात होत नाही. त्या दोघी खरोखरच मालती आणि कुमुद आहेत. त्यांची डोकी तेव्हाही अशीच चालायची. आपण हरलो हे फक्त तुला आणि मला आठवतंय. म्हणजे त्या दिवशी खेळ आपण दोघीच बघत होतो. तू संघाला हरवलंस असं तुझ्या डोक्यात असेल तर ते काढ. संघ हरतो. कॅप्टनला एकटीला हरण्याचा अधिकार कोणी दिला? पुढच्या रविवारी सकाळी मैदानावर यायचं. उशिरा आलीस तर फेऱ्या मारायला लावीन."

मग बाईंनी फोन बंद करायला हात पुढे केला आणि त्यांच्या अंगठ्याने सगळा पडदा झाकला गेला.

सुरतेहून उत्तराला दोन दिवस लागले. दोनच शब्द होते.

"हजर, बाई."

त्या रविवारी सावद्याच्या मैदानावर आम्ही सहाजणी बाईंच्या खुर्चीभोवती उभ्या होतो. दोघींना गुडघ्यांचे पट्टे होते, एकीच्या कमरेला बेल्ट. बाई घड्याळ बघत होत्या. तेवढ्यात फाटकाशी एक गाडी थांबली आणि एक उंच तरुण मुलगी उतरली. तिच्या मागून तीच मोरपंखी नऊवारी. मैदानाच्या कडेला येऊन सिंधू थांबली. वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला आणि मग आत पाऊल टाकलं. आम्ही सगळ्या बघत होतो.

"उशीर झालाय," बाई म्हणाल्या.

"गाडीला झाला, बाई," सिंधू म्हणाली. "मारू फेऱ्या?"

"मार."

आणि ती बया खरंच निघाली! मग कुमुद तिच्या मागे धावली, कुमुदच्या मागे मी. अर्ध्या फेरीतच कुमुदला धाप लागली आणि सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडलो. कोण हसत होतं, कोण रडत होतं, काही कळत नव्हतं. गाडीतून उतरलेली ती उंच मुलगी म्हणजे सिंधूची सून, केतकी. ती हातात फोन घेऊन नुसती बघत राहिली होती.

जरा दम खाऊन आम्ही पाराच्या सावलीत बसलो तेव्हा मी तिला विचारलं, "इतकी वर्षं एक पत्र नाही, फोन नाही. का ग?"

ती मातीत बोटाने रेघ ओढत होती. "बसमध्ये तुम्ही सगळ्या गाणी म्हणत होतात ना. मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून मुद्दाम चाललंय. मी घालवलं आणि या मला सांभाळून घेताहेत. त्याची जास्त लाज वाटली. मग महिनाभरात लग्न. त्यांनी ताटात शर्वरी लिहिलं आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं. म्हटलं, हरली ती सिंधू. हिला कोणी ओळखत नाही. सुरतेत मी कोणाला कबड्डीचं नावसुद्धा सांगितलं नाही."

"आणि आम्ही तर जिंकलोच समजून चाललो होतो," कुमुद म्हणाली. "माझ्या जावयाला सांगितलंय मी. बायोडाटात लिहिलं होतं."

सिंधू कुमुदकडे बघतच राहिली. मग तिला जे हसू सुटलं, ते आवरेचना. डोळे पुसायची आणि पुन्हा हसायची. "चाळीस वर्षं!" एवढंच म्हणत होती. "चाळीस वर्षं मी एकटी हरले!"

केतकी जवळ सरकली. "आई, तुम्ही कबड्डी खेळायच्या? काकू, काय झालं होतं, सांगा ना."

मी सांगायला लागले. चौघीजणी तिच्या अंगावर आल्या, एकीने कंबर धरली, एकीने...

"कंबर नंतर," सिंधू मध्येच म्हणाली. "आधी उजवं मनगट."

"बरं, मनगट. मग एकीने पाय..."

"पाय नाही ग, घोटा! डावा घोटा. त्यांची ती लंबू होती ना, वेणीवाली, तिने असा झेप घेऊन धरला. बाकीच्या तिघी मी आणल्याच असत्या. ती काही सुटेना. हं, तू हो लंबू. कुमे, तू कंबर धर. अशी नाही, घट्ट!"

काष्टा खोचून ती उभी राहिली होती. आम्ही जिथे जिथे धरायचं तिथे धरलं. ती एकेक वीत सरकत गेली, दाखवत गेली, बोलत गेली. कुठे वळली, कुठे गुडघा टेकला, बोट आणि रेघ यांत किती अंतर राहिलं. बाईंनी खुर्ची पुढे सरकवून घेतली होती. "बरोबर," त्या मध्येच म्हणत होत्या. "बरोबर. अगदी असंच." केतकीने सगळं फोनमध्ये घेतलं.

"टाकू का हे, आई?"

"टाक की. चांगलं लांबलचक टाक. हरलो म्हणूनही लिही."

"पण तुमचं खातं बंद आहे. कोणाला दिसणार नाही."

सिंधूने कुमुदच्या खांद्यावरची माती झटकली. "मग उघड."

आठवडाभरात तो व्हिडिओ अख्ख्या जळगाव जिल्ह्यात फिरला. नेहेत्यांच्या घरात मला नातवाने मालती म्हणायला सुरुवात केली, ती आजतागायत. सिंधूला रोज नवनव्या लोकांच्या रिक्वेस्ट येत होत्या आणि ती सगळ्यांना आत घेत होती. मुलाने सावध राहा म्हटलं की त्याला म्हणायची, मैदानात उतरलं की अंगाला हात लागणारच.

एका सकाळी तिचा मला फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"मालू, कोणी वासंती देसले आहे. धुळ्याची. फोटोच्या जागी समई. तिने लिहिलंय, 'तो घोटा मी धरला होता. शिट्टी झाली तेव्हा माझी बोटं सुटत आली होती. अजून एक क्षण, आणि गेली असतीस तू. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं.'"

मी विचारलंच. आमची शोधाशोध आठवत होती ना. "सिंधू, कोणीही काहीही लिहितं. तू ओळखतेस का तिला?"

"नाव नाही माहीत वं," सिंधू म्हणाली. "पकड माहीत आहे."